चाळण्यांची वेबसाइट आणि भिकोबा

एका गावात भिकोबा नावाचा एक भोळा माणूस होता. चाळिशी उलटली होती, अंगापिंडानं धडधाकट होता, आणि खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं. सांगितलेलं काम तो करायचा. नुसतं करायचा नाही, सांगितलं तसंच करायचा. दार लोटून घे म्हटलं की दार लोटायचा, मग मांजर मधे असो नाहीतर पाव्हणा.

भिकोबाला अनसूयाकाकीनं वाढवलं होतं. काकी म्हणजे त्याच्या चुलत्याची बायको. चुलता गेल्यावर काकीनं त्याचा धंदा सोडला नाही. घरामागं पत्र्याची शेड होती, तिथं चाळण्या व्हायच्या. गव्हाची, रव्याची, पिठाची, मैद्याची, सगळ्या तऱ्हेची चाळणी. पत्र्याचा काठ, तारेची जाळी, दोन बाजूंना दोन रिबिटी. हाताखाली हौसाबाई धरून चार बाया, अकरा वर्षं त्याच. दारावर पाटी होती, ‘अनसूया चाळणी उद्योग’.

पण आता बाजारात प्लॅस्टिकच्या चाळण्या आल्या होत्या. निळ्या, गुलाबी, पोपटी. आठवडी बाजारातला दुकानदार काकीची चाळणी उचलेनासा झाला. शेडमध्ये उतरंडीसारख्या चाळण्या साचल्या. काकीनं मनाशी ठरवलं, दिवाळीचं काम आलं तर आलं, नाहीतर शेडला कुलूप लावायचं आणि लेकीकडं जाऊन राहायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे फक्त हौसाबाईंना सांगितलं होतं, त्यामुळं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

अशात सोलापूरच्या गुळवेशेठचा फोन आला. भांड्यांचं मोठं दुकान त्यांचं. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांनी काकीची चाळणी पाहिली होती. म्हणाले, तुमची वेबसाइट असेल तर पाठवा. माल बघतो. पटलं तर दिवाळीच्या आधी स्वतः येऊन ऑर्डर देतो.

काकी म्हणाली, पाठवते. आणि फोन ठेवून खाली बसली. वेबसाइट कुठं होती?

तालुक्याला तनुजा मॅडम म्हणून एक हुशार पोरगी वेबसाइट करून द्यायची. एसटी स्टँडसमोर, फोटो स्टुडिओच्या वर. शेड सोडून काकीला रोज तालुक्याला जाणं शक्य नव्हतं. तिनं आपला मोबाइल भिकोबाच्या हातात दिला.

“भिकोबा, या कामावर चार बायांच्या चुली आहेत. मॅडम सांगतील तसंच करायचं. आपलं डोकं चालवायचं नाही.”

“नाही चालवत,” भिकोबा म्हणाला. आणि तो दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस होता.

मॅडमनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि काम सांगितलं. प्रत्येक चाळणीचा एक फोटो काढून आणायचा. नीट उजेडात. “आणि काका, मागचं काही दिसता कामा नये. फक्त चाळणी दिसली पाहिजे.”

भिकोबा घरी आला. भिंतीपुढं चाळणी धरली. जाळीतून भिंत दिसली. गोठ्यापुढं धरली. जाळीतून म्हैस दिसली. म्हैस बाहेर बांधून पुन्हा धरली, तर जाळीतून रिकामा गोठा दिसला. शेवटी त्यानं चाळणी आभाळाकडं धरली. जाळीतून आभाळ दिसलं, आणि एक घारसुद्धा.

भिकोबा विचार करणार होता. पण डोकं चालवायचं नाही हे त्याला आठवलं. त्यानं चुन्याची बादली कालवली आणि सगळ्या चाळण्यांना मागून पुढून जाड चुना फासला. बावन्न चाळण्या. उन्हात वाळवल्या. मग एकेकीचा फोटो काढला. मागचं तिळभर काही दिसत नव्हतं.

काकी शेडमध्ये आली आणि दारातच थांबली.

“अरे, हे काय केलंस? भोकं बुजवलीस?”

“मॅडम म्हणाल्या, मागचं दिसू नये.”

काकीनं कपाळावर हात मारून घेतला. “भिकोबा, भोकं हाच आपला माल आहे. भोकं मोकळी ठेवायची. लोकांना भोकं दिसली पाहिजेत, तरच ते आपल्याकडं येतील.”

चार बायांनी दोन दिवस बसून दाभणानं भोकं मोकळी केली. भिकोबानं नवे फोटो काढले. ते फोटो चांगले आले. म्हैससुद्धा चांगली आली होती, पण ती मॅडमनी काढून टाकली.

आता भिकोबाला समजलं होतं. भोकं दिसली पाहिजेत.

मॅडमनी पुढचं काम सांगितलं. शेडचा एक फोटो हवा, आत बाया काम करताहेत असा. मालकीणबाई मधे बसलेल्या. काकीनं त्या दिवशी लेकीच्या लग्नातली मोरपंखी साडी नेसली. हौसाबाईंनी केसात फूल माळलं. सगळ्याजणी हातात चाळणी घेऊन ओळीनं बसल्या आणि फोटोत बसतात तशा ताठ झाल्या.

भिकोबानं मोबाइल धरला. मग वर पाहिलं. शेडचे पत्रे जुने, गंजून जागोजाग भोकं पडलेली. काकीनं वरून ताडपत्री अंथरून ती झाकली होती. एकही भोक दिसत नव्हतं. बरं झालं वेळेत ध्यानात आलं, असं म्हणून भिकोबा शिडी लावून वर चढला आणि ताडपत्री ओढून काढली.

भर दुपारची वेळ. उन्हाचे कवडसे धाडधाड खाली आले. भिकोबानं खाली उतरून फोटो काढला. बायांनी डोळे मिटून घेतले होते, पण भोकं सगळी आली होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. त्यांनी आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “काकींच्या तोंडावर ते पांढरे डाग कसले आहेत? बाकीच्या बायांनाही दिसताहेत. काही साथ वगैरे आहे का तिकडं?”

काकीनं फोटो पाहिला. तिच्या तोंडावर सात ठिपके होते. एक तर बरोबर नाकाच्या शेंड्यावर.

“अगं, भोकं दिसली पाहिजेत असं तूच म्हणालीस,” भिकोबा म्हणाला.

“चाळणीची रे. पत्र्याची नाहीत.” काकीनं एक मोठा श्वास घेतला. शांतपणानं बोलायचं असं तिनं ठरवलं होतं. “नीट ऐक. आपलं जे फुटकं-तुटकं असेल ते झाकायचं असतं. चार लोकांपुढं जाताना झाकूनच जायचं.”

“फुटकं-तुटकं झाकायचं,” भिकोबा म्हणाला. आणि ताडपत्री परत टाकायला शिडीवर चढला.

फोटो पुन्हा काढला. तोही वेबसाइटवर चढला. मग मॅडम म्हणाल्या, आता चार-पाच ग्राहकांचे फोटो आणि त्यांचं मत आणा. लोकांना लोकांचा भरवसा वाटतो.

भिकोबा गावात निघाला. पहिल्यांदा तात्या सुताराकडं गेला. तात्यांच्या घरी काकीची चाळणी वीस वर्षं होती. तात्यांनी हौसेनं टोपी घातली आणि हसून उभे राहिले. हसल्यावर दिसलं, पुढचे चार दात नव्हते. भिकोबानं तात्यांचंच उपरणं घेऊन त्यांचं तोंड बांधलं. तात्यांना वाटलं, फोटोची पद्धत असेल.

मग सरूआत्या. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्याला पट्टी. तिचा पदर हनुवटीपर्यंत खाली ओढला. मग निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या चष्म्याची एक काच तडकलेली. त्यांना टॉवेल गुंडाळला. हेडमास्तर आतून म्हणाले की श्वास घ्यायला त्रास होतोय. भिकोबा म्हणाला, थोडा वेळ. पोस्टमन विठूअण्णांच्या शर्टाचं बटण तुटलं होतं. ते कुठं दिसेल कुठं नाही म्हणून त्यांना आख्खं पोत्यात घातलं.

शेवटी म्हादू न्हावी. म्हादूचं काहीच फुटकं-तुटकं सापडेना. भिकोबानं त्याला दोनदा गोल फिरवून पाहिलं. तेव्हा म्हादूनंच आपण होऊन सांगितलं की लहानपणी कुत्रं चावल्यामुळं उजव्या कानाचा तुकडा गेलाय. भिकोबाला हायसं वाटलं. त्यानं म्हादूला मफलर बांधला.

मॅडमनी फोटो पाहिले. बराच वेळ पाहिले.

“काका, हे आपले ग्राहक आहेत, का दरोडा घालून आलेत?”

काकीला हे कळलं तेव्हा ती हसावं की रडावं या विचारात होती. दिवाळी दीड महिन्यावर आली होती. गुळवेशेठनी दोनदा विचारलं होतं, वेबसाइटचं काय झालं. तिनं भिकोबाला समोर बसवलं.

“माणसाचं तोंड कधी झाकायचं नाही. त्याला बोलू द्यायचं. आणि जे बोलेल ते सगळं लिहून घ्यायचं. आपल्या मनानं एक शब्द गाळायचा नाही.”

भिकोबा वही घेऊन पुन्हा सगळ्यांकडं गेला. या खेपेला तोंडं मोकळी होती. त्यानं एकही शब्द गाळला नाही. तात्यांचं मत अडीच पानं झालं, त्यात दोन पानं खोकला. सरूआत्याचं मत अकरा पानं झालं. मॅडमनी वही पाहिली आणि त्यांच्या मनात आलं, काका एकदाचे काहीतरी सरळ घेऊन आले. घाई होती. त्यांनी न वाचताच सगळं टाइप करायला दिलं आणि वेबसाइटवर टाकलं.

संध्याकाळी गावात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर सरूआत्या होती.

“बस बाबा. चहा ठेवू का? नको तर नको, साखर पण संपलीय. अनसूयाची चाळणी ना? चांगली आहे. चाळणीसारखी चाळणी आहे. हाड, मेलं मांजर. तर काय सांगत होते, चाळणी चांगलीच आहे रे, पण आमच्या सूनबाईला चाळता आलं पाहिजे ना. कोंडा खाली आणि पीठ वर. हे लिहू नकोस. तू लिहितोयस का? बरं लिही.”

सूनबाई शिकलेली होती. तिनं शेवटपर्यंत वाचलं. पुढं आठ दिवस सरूआत्या आपला चहा आपणच करून घेत होती, तोही एका डोळ्यानं.

गल्ली सरूआत्याच्या बाजूची आणि सूनबाईच्या बाजूची अशी दोन झाली. काकीला दोन्हीकडं जाऊन हात जोडावे लागले. परत येऊन ती भिकोबाजवळ बसली. रागावण्याचंही त्राण तिच्यात राहिलं नव्हतं.

“भिकोबा, आपण चाळणीवाले ना? मग समोर आलेलं सगळंच्या सगळं आत घेतात का? आधी चाळायचं. मग आत घ्यायचं.”

“आधी चाळायचं,” भिकोबा म्हणाला. हे त्याला फार पटलं. हे तर धंद्याचंच होतं.

तालुक्याला मॅडमनीही नेमकं तेच सांगितलं, म्हणून त्याला आणखीच पटलं. वेबसाइट तयार झाली होती. मॅडमनी एकेक गोष्ट दाखवली. प्रत्येक चाळणीच्या फोटोवर आडवी लाल अक्षरं टाकली होती, ‘हा फोटो चोरू नये’. एका पापडवाल्या बाईंचे फोटो कुणीतरी चोरून आपल्या मालावर लावले होते, तेव्हापासून मॅडम सगळ्यांच्याच फोटोंवर असं लिहायच्या. मग त्यांनी ऑर्डरची जागा दाखवली. तिथं आधी नऊ लहान चित्रं यायची. त्यातली झाडांची ओळखा, असं यायचं.

“हे कशाला?” भिकोबानं विचारलं.

“खोट्या ऑर्डरी फार येतात, काका. माणूस नसतोच पलीकडं, यंत्र असतं. खरा माणूस असेल तर त्याला चित्रं ओळखता येतात. ओळखली तरच आत घ्यायचं. नाही ओळखली तर म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा.”

भिकोबानं स्वतः करून पाहिलं. पहिल्यांदा चुकलं. तो थोडा घाबरला. दुसऱ्यांदा बरोबर आलं, तेव्हा त्याला फार बरं वाटलं.

गुळवेशेठनी वेबसाइट पाहिली. फोन करून म्हणाले, माल छान दिसतोय, गुरुवारी येतो. काकीनं शेड सारवून घेतली. पोह्यांची तयारी केली. पण शेठ आले बुधवारी. दुसऱ्या कामासाठी या बाजूला आले होते, वाटेतच वळले. काकी जाळी आणायला तालुक्याला गेली होती. बाया जेवायला घरी गेल्या होत्या. दारात भिकोबा होता.

गाडीतून पांढऱ्या शर्टातले, साठीचे, भारदस्त गृहस्थ उतरले.

“मी गुळवे. सोलापूर. अनसूयाबाई आहेत का?”

भिकोबानं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. “थांबा जरा,” म्हणाला. आत गेला. नऊ चाळण्या घेऊन आला आणि ओट्यावर तीन-तीनच्या ओळीत मांडल्या.

“यातल्या रव्याच्या ओळखा.”

“काय?”

“तुम्ही माणूस आहात की यंत्र, ते बघायचंय. ओळखल्या की आत घेतो.”

शेठनी चाळीस वर्षं भांडी विकली होती. पण कुणी त्यांना माणूस आहात का असं विचारलं नव्हतं. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. समोरच्या दोन-तीन खिडक्यांत लोक आपापल्या कामात असल्यासारखे उभे होते. शेठ ओट्यावर टेकले. एक चाळणी उचलली, दुसरी उचलली. तीन बाजूला काढल्या.

“यातली एक पिठाची आहे,” भिकोबा म्हणाला. “पुन्हा प्रयत्न करा.” आणि त्यानं चाळण्यांची जागा बदलली.

आता शेठना चेव चढला. त्यांनी चष्मा लावला. एकेक चाळणी उजेडाकडं धरली, जाळीवरून बोट फिरवलं, काठ दाबून पाहिला, रिबीट हलवून पाहिली. अर्धा तास गेला. काकी एसटीतून उतरून जाळीचं भेंडोळं डोक्यावर घेऊन गल्लीत वळली, तर तिला दिसलं की गुळवेशेठ भर उन्हात ओट्यावर बसलेत, शर्ट घामानं भिजलाय आणि भिकोबा मान हलवतोय.

काकीच्या डोक्यावरचं भेंडोळं खाली पडलं.

“या तीन,” शेठ म्हणाले.

“बरोबर,” भिकोबा म्हणाला. “आत या.”

काकीनं शेठची इतक्यांदा माफी मागितली की शेवटी शेठनाच अवघडल्यासारखं झालं. ते म्हणाले, “बाई, आजवर लोकांनी मला माल दाखवला. हातात धरून निरखायला कुणी बसवलं नव्हतं. एका जाळीत एक तार वाकडी नाही.” आणि पोहे खाता खाता त्यांनी सहाशे चाळण्यांची ऑर्डर दिली. हा माल पटला तर दर महिन्याला.

निघताना गाडीत बसून त्यांनी काच खाली केली. भिकोबाकडं बघून म्हणाले, “एक सांगून ठेवतो. वेबसाइटवर दिसतं तसंच पाहिजे. तंतोतंत. नमुन्यात एक आणि मालात एक, हे आमच्याकडं चालत नाही.”

“तंतोतंत,” भिकोबा म्हणाला.

शेडमध्ये पुन्हा ठोकाठोक सुरू झाली. बाया गाणी म्हणायला लागल्या. काकीनं कुलपाचा विषय काढला नाही. दिवाळीला वीस दिवस उरले तेव्हा चाळण्या तयार होत्या, फक्त बांधून टेम्पोत चढवायच्या राहिल्या होत्या. आणि नेमका लेकीच्या गावाहून फोन आला. लेक वैजू, पहिली खेप, दवाखान्यात नेलंय. काकीनं पिशवी भरली.

“मागचं तू बघ, भिकोबा. शेठ काय म्हणाले ते ध्यानात आहे ना? त्यात जरासं इकडं तिकडं झालं तर शेड बंद होईल बघ.”

भिकोबा हे ऐकून रात्रंदिवस त्याच काळजीत राहिला. त्यानं मागच्या खोलीत चाळण्या घेतल्या. मोबाइलवर वेबसाइट उघडली. एक चाळणी एका हातात, फोटो दुसऱ्या हातात. काठ बघितला, जमला. रिबिटी दोन, जमल्या. जाळी, जमली. आणि मग त्यानं फोटो डोळ्यांजवळ धरला. फोटोवर लाल अक्षरं होती. चाळणीवर नव्हती. सहाशेच्या सहाशे चाळण्यांत एकीवरही नव्हती.

बरं झालं बघितलं, असं तो स्वतःशी म्हणाला. आणि दुकानातून लाल ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन आला.

हौसाबाईंनी विचारलं, रंग कशाला? भिकोबा म्हणाला, शेठना तंतोतंत हवंय. हौसाबाईंना वाटलं, काठाला लावत असेल. शहरात आवडतो काठाला रंग. त्या आपल्या कामाला लागल्या.

सात दिवस भिकोबा खोलीतून फक्त जेवायला बाहेर आला. पहिल्या पन्नास चाळण्यांवर त्याचं अक्षर जरा तिरकं होतं. पण शंभरीनंतर हात बसला. शेवटच्या दोनशे तर छापल्यासारख्या झाल्या. प्रत्येक जाळीवर, या काठापासून त्या काठापर्यंत. वाळवून, कागदात गुंडाळून, सुतळीनं बांधून त्यानं माल टेम्पोत चढवला.

तिकडं वैजूला मुलगी झाली होती. बाराव्या दिवशी बारसं. भिकोबा आणि चारही बाया सकाळच्या एसटीनं वैजूच्या सासरी पोचले. काकी पुरणाला बसली होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तो आता भिकोबाच्याच खिशात असायचा. गुळवेशेठ होते. भिकोबानं तो काकीच्या कानाला लावला.

शेठ म्हणाले, परवा दुकानात एक बाई आल्या. चाळणी आवडली. ताटात ठेवून, पीठ घालून त्यांनी एकदा आपटून बघितली. रंगाखालची भोकं बुजलेली, तेवढं सोडून पीठ पडलं. चाळणी उचलली तर खाली ताटात पिठात लिहिलेलं, ‘हा फोटो चोरू नये’. बाई तडक उठल्या. म्हणाल्या, मी कसलाही फोटो घेतलेला नाही, माझी पिशवी बघा.

काकीनं डोळे मिटून घेतले. तिला सगळं एका क्षणात कळलं. चार बाया समोर केळीची पानं पुसत बसल्या होत्या, त्यांच्याकडं तिला बघवेना.

“शेठ, सगळा माल परत पाठवा. चूक आमची आहे.”

“परत कुठला पाठवू?” शेठ म्हणाले. “माझ्या बायकोनं एक चाळणी घरी नेली. दारात रांगोळी भरून आपटली. अक्षरं अशी सुरेख उमटली की अख्खी पेठ बघायला आली. आज माझ्या दुकानापुढं रांग आहे. सोलापुरात पन्नास दारांत लिहिलंय, ‘हा फोटो चोरू नये’. का लिहिलंय कुणाला ठाऊक नाही, पण सगळ्यांना पाहिजे.” मग म्हणाले, “आणि बाई, पीठ चाळायच्याही पाठवा. सहाशे. त्या कोऱ्या. दर महिन्याचं पक्कं.”

काकीनं फोन ठेवला. तिनं हौसाबाईंना सांगितलं, हौसाबाईंनी सगळ्यांना सांगितलं. बाया हसता हसता डोळे पुसायला लागल्या. काकी उठून भिकोबाजवळ गेली. पुरणाचा हात तसाच, मनगटानंच तिनं त्याच्या पाठीवर थोपटलं.

“देवानं सांभाळलं रे तुला, आणि मलाही. पण आता हे एवढं डोक्यात ठेव. ते वाक्य फोटोसाठी असतं. मालावर लिहायचं नाही. जिथं फोटो काढतात, तिथंच ते लिहायचं.”

“जिथं फोटो काढतात, तिथंच लिहायचं,” भिकोबा म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. अगदी सोपं होतं.

दुपारी बारसं सुरू झालं. पाळण्याला झेंडूच्या माळा. वैजूच्या सासरचं गोत मोठं, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. नाव ठेवायच्या आधीच सगळे फोटो काढायला पाळण्याभोवती गोळा झाले. काकीच्या ध्यानात आलं, बाळाला तीट लावायची राहिली. एवढ्या लोकांची दृष्ट लागायची. तिचे हात कामात होते. तिनं काजळाची डबी भिकोबाकडं दिली.

“मामा आहेस तू. लाव तूच.”

भिकोबा पाळण्याजवळ गेला. बाळाकडं पाहिलं. भोवती उभ्या असलेल्या वीस-पंचवीस मोबाइलांकडं पाहिलं. आणि काजळात बोट बुडवलं.

जरा वेळानं पाळण्याजवळची गडबड एकदम थांबली. काकी हात पुसत पुढं गेली. बाळ शांत झोपलं होतं. कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत काजळानं लिहिलं होतं, ‘हा फोटो चोरू’. कपाळ लहान पडलं, त्यामुळं ‘नये’ उजव्या गालावर आलं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. शेड चालू आहे, चारच्या नऊ बाया झाल्या. आणि एवढं मात्र कुणीही कबूल करेल, त्या बारशाचा एकही फोटो आजवर चोरीला गेलेला नाही.